साखळी

बुधवार, संध्याकाळ

घसा पार बसलाय. मिठाच्या गुळण्या करतोय, मध्येच हे लिहितोय.

आज पिरनवाडीच्या शेडमध्ये शेवटची प्रॅक्टिस झाली. आमच्या ड्रमवाल्या बसूला हुबळीला नोकरी लागली, म्हणजे बँड संपलाच. इतकी वर्षं डेथ मेटल केलं, फौंड्रीतले घणाचे आवाज रेकॉर्ड करून गाण्यांत घातले, आणि आयोजकांनी विचारलं काय, तर गाणी मराठी का कन्नड? माझ्या गुरगुरण्यात शब्द कुणाला कळतच नव्हते, म्हणून दोन्हीकडं खपून गेलं.

ड्रम आवरताना बसू म्हणाला, "अण्णा, शेवटच्या गाण्यात तू साकु, साकु म्हणून वरडतोस न्हवं, ते लई भारी हाय."

साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे.

"साखळी म्हणतोय रं मी. पहिल्यापासनं."

"व्हय? मला साकुच ऐकू यायचं, म्हणून तर मी तिथं हात थांबवतो की."

आणि तो एकदम थांबणारा ड्रमच लोकांना आवडायचा. मला वाटायचं, त्याला माझी साखळी कळलीय. इतकी वर्षं.

आत्ता आईनं विचारलं, आणखी गरम पाणी देऊ का. साखळी म्हणण्याएवढासुद्धा आवाज उरला नव्हता. तोंडातून आलं, साकु.