खेकड्यांचे दहा कोट

बेलमी क्रीक, मेरीलँड
सोमवार, २९ एप्रिल १९९६

प्रिय ऑर्विल,

तुझा गुडघा बरा आहे हे शनिवारी मी डोळ्यांनी पाहिलं. हसताना चांगला वाकत होतास. तेव्हा तुझी खुशाली विचारत नाही, आणि तूही माझी विचारू नकोस.

चोवीस वर्षं मी गवतावर मोगरीने चेंडू टोलवणाऱ्या आमच्या कॉलेजच्या क्रोके संघाचे कपडे शिवते आहे. वसंतातल्या त्या एका सामन्याला सागरी विद्यालयाचे छात्र पांढऱ्याशुभ्र पोशाखात येतात, आणि आमची मुलं काय घालून येणार हे त्यांनी हिरवळीवर पाय ठेवेपर्यंत कुणाला कळत नाही. हरलो तरी चालतं, पण ती पहिली पाच मिनिटं आमची असतात. इतक्या वर्षांत माझ्या खोलीतून एक शब्द बाहेर गेला नव्हता. तू खाडीपलीकडे राहतोस, दर रविवारी चार छात्रांना जेवू घालतोस, तरी तुझ्यावर मी कधी संशय घेतला नाही.

आणि परवा? आमची दहा मुलं पायऱ्या उतरून आली. लाल खेकडे छापलेले निळे कोट, बाह्यांना नांग्या, डोक्यावर टपोऱ्या डोळ्यांच्या टोप्या. समोर बघतात तर छात्र खेकड्यांच्या मेजवानीला बसल्यासारखे गळ्यात लाळेरी बांधून बसलेले! गवतावर वर्तमानपत्रं अंथरलेली, प्रत्येकाच्या हातात खेकडे फोडायची हातोडी. एकजण ओरडला, "अरे, नीट वाफवलेत का हे?" लोक पोट धरून हसले. आणि वितळलेल्या लोण्याच्या वाट्या वाटत कोण फिरत होतं? माझा सख्खा भाऊ. लाज कशी वाटली नाही रे तुला? पाचातले चार डाव हरलो आम्ही. कप्तान डेस्मंडला तर दोन हातांवरच्या कमानीतूनही चेंडू घालता येईना.

संध्याकाळी मुलं माझ्याकडे कोट परत द्यायला आली. डेस्मंडने सगळ्यांसमोर संघातल्या रोझलिंडला विचारलं, "तुझा भाऊ त्या छात्रांमधला. तूच गुपित फोडलंस ना?"

ती म्हणाली, "महिनाभर मी त्याचा फोनसुद्धा घेतला नाही. मुद्दामच."

कुणाचा विश्वास बसला नाही. माझाही नाही. मी काय बोलले ते लिहायला जड जातंय. म्हणाले, "पोरी, भाऊ समोर आला की जीभ सैल सुटतेच." तिने कोटाची नीट घडी घातली, शिवल्याबद्दल माझे आभार मानले आणि निघून गेली. मी मान वर केली नाही. तिला संघातून काढलंय. पुढचं वर्ष तिचं शेवटचं.

काल तुला फोनवर तोंडाला येईल ते बोलले. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस, "ताई, मेबलचा ईस्टरचा झगा कुठल्या कापडाचा होता गं?" मी फोन आदळला.

मला त्याच क्षणी कळलं होतं. कोटांचं उरलेलं कापड माझ्याने टाकवत नाही. तुझ्या नातीला त्याचा झगा शिवला, तिने हट्ट धरला म्हणून नांग्यांसकट. मापं द्यायला आली तेव्हा भिंतीवरचे कोट तिने मोजलेसुद्धा. सहा वर्षांची पोर, पण घरातली, म्हणून तिला गप्प राहा असं बजावलंही नाही. रविवारी तुझ्या टेबलाशी बसून तिने त्या छात्रांना सगळं सांगितलं असणार.

तुझ्यावरचा राग मात्र गेलेला नाही. झगा बघून तुला कळलं होतं. एक फोन केला असतास तर तुझं काय बिघडलं असतं? पण तू मजा बघत बसलास. आणि मी त्याहून वाईट वागले. काल दुपारीच डेस्मंडला सांगू शकले असते, ते न करता तुला हे लांबलचक पत्र खरडत बसले आहे.

गुरुवारी दहा वाजता सगळा संघ बोलावलाय, रोझलिंडलाही. तिच्यासमोर सांगणार आहे. पुढच्या वर्षी कपडे दुसरं कुणी शिवेल. मी त्यांच्या जागी असते तर मीही मला ठेवलं नसतं. तेही सोसेन. पण ती मुलगी पुन्हा तशीच शांतपणे ऐकून घेईल, त्याची मला भीती वाटते.

तू ये. बोलू नकोस, नुसता दाराशी उभा राहा, म्हणजे मला मधूनच पळ काढता येणार नाही.

तुझ्यावर अजून चिडलेली, आणि त्या मुलीची गुन्हेगार,
तुझी ताई
विनिफ्रेड