कापलेलं पाणी

२ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खुशाल कोणी नाही. कालच्या तुमच्या पेपरात पुन्हा तोच फोटो आलाय. बातमी बाजारातल्या मारामारीची आणि चित्र आमच्या युवक मंडळाचं. पोरं हातात काठ्या घेऊन चाललीत, सगळ्यांत पुढे माझा धाकटा भाऊ. कुठे काच फुटली की आमचा फोटो, कुणाची गाडी जळली की आमचा फोटो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी या मंडळाची अध्यक्ष आहे, मला रस्त्याने जाताना लोक बाजूला होऊन वाट देतात.

धाकट्याला शाळेच्या गाडीवर चालकाची नोकरी लागल्याचं आईने तुला कळवलंच आहे. आज मुख्याध्यापिकाबाईंनी गाडीची किल्ली परत घेतली. कुणा पालकाने फोटो दाखवला म्हणे. आता काय ते वीस तारखेच्या पालकसभेत ठरणार. बाई वर असंही म्हणाल्या की त्या त्याला चांगलं ओळखतात, पण पेपरातच आलंय त्याला त्या तरी काय करणार. घरी येऊन तो न जेवता बसून राहिलाय.

तू त्याच पेपराच्या मुख्य कचेरीत उपसंपादक आहेस. आमच्या गावचं पान लावणारा तुझ्याच शेजारी चहा पीत असेल. विचार त्याला, त्या काठ्या कशासाठी होत्या. गेल्या वर्षी पूर आला तेव्हा पाण्याखाली गटारांची उघडी तोंडं शोधायला घेतल्या होत्या. पोरं काठी टेकवत पुढे चालली आणि मागून अख्खी गल्ली सुखरूप बाहेर आली. फोटो काढणारा तुमचाच माणूस होता.

राग आहे, तरी लोभ असू दे.
तुझी भाची


६ जुलै

चि. लवंगीस,
अ. उ. आ.

पाकीट उघडताना हात भाजला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, पत्रात निदान पूर्णविरामापाशी श्वास घेता येतो, म्हणून पत्रच बरं.

चौकशी केली. फोटो अख्खा छापायचा होता. आयत्या वेळी टायरवाल्याची जाहिरात आली आणि जागेसाठी फोटो कापला. खालचं पाणी गेलं, मागून येणारी माणसं गेली, उरली पोरं आणि काठ्या. तेच कापलेलं चित्र संग्रहात जाऊन पडलं. आता घाईत ज्याला हवं तो उचलतो. कुणाच्या मनात पाप नाही गं.

संपादकसाहेबांना भेटलो. असल्या गोष्टींचा खुलासा छापत नाहीत म्हणाले. मंडळाने आपली चांगली कामं लिहून पाठवावीत, म्हणजे प्रतिमा आपोआप सुधारेल असा त्यांचा सल्ला आहे. दातओठ खाशील, तरी एकदा पाठवून बघ. धाकट्याला म्हणावं, जेव. ताईला नमस्कार.

तुझा भाजलेला
मामा


११ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

ऐकलं तुझं. दवाखान्याच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी आम्ही उतार बांधला, त्याची साधी चार ओळींची बातमी पाठवली. आज छापून आली. मथळा काय, तर ‘भरकटलेल्या तरुणांनी काठ्या टाकून घेतली थापी’. सोबत तोच फोटो. आम्ही सुधारलो म्हणे. बिघडलो कधी होतो ते तरी सांगा. मुख्याध्यापिकाबाईंनीही धाकट्याला निरोप पाठवला की सुधारलास हे छान झालं, पण पालक ऐकणार नाहीत. आगीतून फुफाट्यात.

तुझ्या साहेबांना एक गोष्ट ठाऊक नसावी. या गावात त्यांचा पेपर घरोघरी टाकतो कोण? आम्ही. मंडळाचा खर्च त्यावरच चालतो. गठ्ठे गटारात टाकायचं पोरांनी ठरवलं होतं. मी आडवी आले, कारण तसं केलं असतं तर साहेबांना नवा फोटो आयता मिळाला असता.

मला तो अख्खा फोटो पाठव. पाण्यासकट.

रागाने लिहिलंय, रागावू नकोस.
लवंगी


१५ जुलै

चि. लवंगीस,
अ. उ. आ.

सोबत फोटो आहे. मथळा वाचून माझंही डोकं फिरलं. साहेबांसमोर जाऊन बोललो. ते म्हणाले, मी मामा म्हणून बोलतोय. हो, मामा म्हणूनच, असं सांगून उठलो. पुढचं पुढे. तू काय करणार आहेस ते विचारत नाही.

मामा


२१ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोटोच्या प्रती छापून घेतल्या. रोज आम्ही पेपर दारात फेकतो. परवा बेल वाजवून हातात दिला, आत अख्खा फोटो घालून. ज्याने दिला त्याने फोटोतल्या स्वतःवर बोट ठेवून दाखवलं. काहींनी तोंडावर दार लावलं. काहींनी आत बोलावलं, तर पोरांना चपला कुठे काढाव्यात तेच सुचेना.

एका बाईंनी धाकट्याच्या हातून फोटो घेतला आणि पाहतच राहिल्या. त्याच्या मागे, पाण्यात, लेकीला खांद्यावर घेतलेल्या त्याच होत्या. त्या दिवशी त्यांनी त्याची फक्त पाठ पाहिली होती. शाळेत कापलेला फोटो घेऊन गेलेल्याही त्याच.

काल सभेत त्या उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या की तक्रार माझी होती, चूकही माझी. माझी मुलगी याच्याच गाडीतून जाईल. किल्ली मिळाली. आज त्या मुलीला तोच सोडून आला. परत आला आणि दोन वेळचं एकदम जेवला. आई रडली, मी भांडी घासली.

साहेबांना गावातून फोन बरेच गेले असावेत. आज तुमचा फोटोग्राफर आला. ‘तरुणांचा अभिनव उपक्रम’ म्हणून पोरांनी पेपर हातात धरून हसावं अशी त्याची इच्छा. मी त्याला परत पाठवलं. फोटो तुमच्याकडे आहे, तोच छापा, पाण्यासकट, आणि खाली लिहा की कापला तुम्ही.

राग गेला का विचारशील. नाही गेला. माफी त्या बाईंनी मागितली, तुझ्या पेपराने नाही. तोवर पेपर आम्ही टाकूच, पण दारात फेकू. हातात देण्याजोगा झाला की हातात देऊ.

तुझ्या नोकरीचं काय झालं ते कळव. इथे एक ताट तुझं कायम आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
लवंगी