रानुलीच्या बदल्यात

३ नोव्हेंबर १९९८
पोहोचले! जोतिबाच्या डोंगरामागची ही वस्ती किती छान आहे. बनाबाईंनी गूळपाणी दिलं आणि माझी भलीमोठी पेटी बघून विचारलं, पावणं, ऱ्हायला आलाय की नांदायला? खूप हसलो.

इथली रानुली बोली आता एकट्या चिमणाबाईंना येते. त्या बनाबाईंच्या सासूबाई. शाळेत मार बसायचा म्हणून बाकीच्यांनी ती सोडली असणार. मला शब्दसंग्रह करायचाय, मुलांसाठी पुस्तकही. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. मला एस.टी.त बसवायला आईनं बावड्यातल्या उसाच्या भांगलणीची एका दिवसाची मजुरी बुडवली.

५ नोव्हेंबर
टेप लावला तर चिमणाबाई म्हणाल्या, शेजारणीचं भांडं रिकामं परत देतीस व्हय गं? आमच्यात शब्दाचंबी तसंच. एक न्यायचा, एक ठेवायचा.

काय सुंदर रीत! त्यांनी मला 'तुरवा' दिला. मी त्यांच्या कानात आपला 'मीठ' सांगितला. त्यांनी तो घासासारखा गिळला.

९ नोव्हेंबर
चाळीस शब्द झाले. आज आमटी अळणी होती. मागायला गेले तर तोंडातून तुरवाच आला. दुसरं काही आठवेना. बनाबाई हसल्या नाहीत.

१६ नोव्हेंबर
मागची पानं वाचली. पाच तारखेला माझ्याच हस्ताक्षरात दोन अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ लागत नाही. चिमणाबाई मात्र आता शहरी मराठी बोलते, माझ्याच हेलात. थांबावं का? पण थांबले तर रानुली तिच्याबरोबरच मातीत जाईल.

२४ नोव्हेंबर
बनाबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आमी का शिकलो न्हाय, ते इचारलंसा का कधी?

नव्हतं विचारलं.

२७ नोव्हेंबर
आज जन्म देणारीचा शब्द निघाला. बदल्यात चिमणाबाईनं माझ्याकडचा मागितला. नको म्हटलं. उठले. परत बसले. मुलं पहिल्यांदा तोच शब्द शिकणार, त्याच्याशिवाय पुस्तक कसलं—

सांगितला. कानात.

२ डिसेंबर
एक बाई आलीय. फडक्यात भाकरी. बोटं उसाच्या पात्यांनी चिरलेली. मला पोटाशी धरून रडली. ही कोण—

चिमणाबाई धावत आली. माझ्या आवाजात तिला हाक मारली. बाईनं मला सोडलं. वळली. तिच्याकडे.

दोघी अंगणात आहेत. मी लिहितेय, लिहिलं की आठवेल. रानुलीतला शब्द ओरडले. तिला कळला नाही. तिनं चिमणाबाईचा हात धरलाय. एस.टी.च्या वाटेला लागल्या—

थांब. मी इथं आहे. मी तुझी— तू माझी—