जी शिडी तो निवडेल

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा शिड्या बनवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो लिहिताना डॉक्टरांनी माझ्याकडे दोनदा रोखून पाहिले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही घेतला आहे.

१. राहते घर आणि बँकेतल्या ठेवी माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळाव्यात. मेहुण्याला काहीही देऊ नये. त्याने कारण विचारलेच, तर माझे ड्रिल मशीन कुठे आहे ते त्याला विचारावे.

२. आता कारखाना. आमच्याकडे नवी शिडी वर्षभर वापरून पाहिल्याशिवाय विक्रीला जात नसे. मुलाच्या डोळ्यांत ते वर्ष खुपते. "बाबा, तोवर बाकीचे चार मॉडेल काढून मोकळे होतात. मोडली तर बदलून देऊ की!" शिडी बदलून देशील, कंबर कुठून आणून देशील, असे मी विचारले, तर फोन आला म्हणून तो बाहेर गेला. फोन वाजल्याचे मी काही ऐकले नाही. त्याने आपली घडीची शिडी दोन महिन्यांत तयार केली आणि चाचणी न घेता तिला चकचकीत रंग फासला.

३. सूनबाईनेही तेवढ्याच वेळात आपली शिडी उभी केली, तेव्हा नवराबायकोचे साटेलोटे असणार, असे मी धरून चाललो. कुठे काटछाट केलीस, असे सरळ विचारले.

"काटछाट नाही, बाबा. तुम्ही शिडी पूर्ण झाल्यावर वापरायला काढता. मी पहिल्याच आठवड्यात कच्ची शिडी रंगारीकाकांना दिली. आपण वर्षात चढतो तेवढं ते पंधरवड्यात चढतात. मोडायची ती आधीच मोडू दे."

गोड बोलणाऱ्यावर माझा विश्वास नाही. रंगारी माझा जुना मित्र, त्याला गाठले. "अरे, खाली गाद्या अंथरून सात शिड्या मोडल्या तिने माझ्या पायाखाली! लगेच सुधारून पुढची हजर. आठवी मोडेचना, तर बाईसाहेब हिरमुसल्या!" हे सांगताना त्याच्या हातात कोरा ब्रश होता. तो कोणी दिला, हे त्याने सांगितले नाही. मग कारखान्यात कोणी नसताना मी स्वतः त्या शिडीवर उड्या मारल्या. करकरलीसुद्धा नाही. तरी संशय पुरता फिटलेला नाही.

४. म्हणून कारखाना कोणाचा, हे मी ठरवत नाही. मृत्युपत्र उघडण्यापूर्वी वकिलांनी मुलाला माळ्यावरून कारखान्याची किल्ली काढायला सांगावे. माळ्याखाली दोन्ही शिड्या असाव्यात, त्याची आणि तिची. कारण कळू देऊ नये. जिच्यावर तो पाय ठेवील, ती बनवणाऱ्याचा कारखाना. हे वाचले जाईल तेव्हा निकाल लागलेला असेल. उगाच कोर्टकचेरी करू नये.

५. तो कोणती घेईल याचा मला अंदाज आहे, पण माणसाचा भरवसा नाही, पोटच्या पोराचाही नाही. रागाच्या किंवा हट्टाच्या भरात तो आपलीच घेईलही. तो कारखाना चालवो न चालवो, मला तो धडधाकट हवा आहे. म्हणून तो कोणत्याही शिडीवर चढला तरी रंगाऱ्याने ती खालून दोन्ही हातांनी धरावी आणि तो उतरेपर्यंत सोडू नये.

स्थळ: कारखान्यामागची खोली, दार आतून लावून
दिनांक: १२ मार्च
सही: शिडीवाला

साक्षीदार:
वकील. माझ्यासमोर सही झाली.
रंगारी. वाचले. घट्ट धरीन.