बुचाची मूठ

टेरबॉन, क्वेबेक
१९ फेब्रुवारी

प्रिय रेजां,

बरा असशील. फ्लोरिडाच्या उन्हात निदान कोरडा तरी असशील. अक्षर जोसलीनचं बघून दचकू नकोस. पंप खोलून बसलोय, हात ग्रीसने भरलेत, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. (वहिनीकडून: ग्रीस मला तरी दिसत नाही.)

आई ठीक आहे. रविवारी वृद्धाश्रमात गेलो तर म्हणाली, "तुझं तोंड बघून कंटाळले, धाकटा कुठाय?" तुझ्याकडे तलाव झोपतच नाहीत, असं तिला सांगितलं. तिला ते काही पटलं नाही. पोहण्याचा तलाव बारा महिने उघडा ठेवायचा म्हणजे कसला धंदा रे तो? ऑक्टोबरात पाइपांतलं पाणी हवेने उडवून, बूच लावून तलाव निजवायचा, मेमध्ये उठवायचा, आणि मधले महिने त्याच्या काळजीत काढायचे. आपण हेच शिकलो. मी तर कुणी न शिकवता शिकलो.

यंदा मात्र काळजी घरात बसू देत नाही. रात्री उठून खिडकीशी जातो. जोसलीन म्हणते, बर्फ मोजतोस का?

परवा फावडं घेऊन आपल्या गिऱ्हाइकाच्या, मादाम ओब्यूशोंच्या अंगणात गेलो. तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"इव्हों? कोण गेलं की काय?"

"कोणी नाही. जरा बघायला आलो."

"फेब्रुवारीत? तलाव पळून जाईल असं वाटलं का?"

हसण्यावारी नेलं. बर्फ उपसला, काठावरच्या पेटीचं झाकण काढलं. तिथे गुलाबी, न गोठणारा पातळ द्रव असायला हवा होता. होता पांढरा, दगडासारखा बर्फ. छिन्नीने फोडत गेलो. तळाशी पाइपाच्या तोंडावरचं बूच तिरकं बसलेलं. आटे चुकलेले. बाजूने पाणी आत झिरपलं, फरशीखालच्या पाइपात गोठलं. पाइप फुटला असणारच. मेमध्ये फरशी फोडावी लागेल.

"सगळं ठीक ना?" तिने विचारलं.

"ठीक आहे," म्हणालो. तिने कॉफी पुढे केली, ती न घेता निघालो.

जोसलीनने इथे पेन खाली ठेवलं. म्हणते, आधी त्या बाईला फोन कर, मग पुढचं लिहीन. केला. पाइप गेला, चूक माझी, खर्च माझा, असं सांगितलं. मादाम म्हणाली, "मला तेव्हाच कळलं. तुम्ही कॉफी सोडत नाही कधी."

आता ते अंगण तुला आठवलं असेल. ऑक्टोबरात तिथेच तू म्हणालास, "इव्हों, बूच नीट बसलं की नाही ते तुझ्या अंगठ्याला कळत नाहीये. सरक, मी एकदा फिरवून बघतो." आणि मी म्हणालो, "माझ्या बुचाला हात लावायचा असेल तर आधी स्वतःचा धंदा काढ." तू व्हॅनमधून तुझा डबा घेतलास आणि चालायला लागलास. मी व्हॅन हाकत आरशात तुला बघत होतो. थांबलो नाही.

गार पाण्यात बोटं सगळ्यांचीच बधिर होतात, असं मी तो महिनाभर स्वतःला समजावत होतो.

काल दातांच्या डॉक्टरच्या घरी गेलो. तो तलाव आपण भांडणाच्या आदल्या आठवड्यात निजवला होता. तो चांगला निघाला की ओब्यूशोंचं प्रकरण एखादी चूक म्हणून सोडून देता येईल, असा हिशेब होता. झाकण काढलं. द्रव गुलाबी, पातळ. बूच सरळ, घट्ट. मला एवढा आनंद झाला की तिथेच बर्फात बसलो. मग नीट बघितलं. बुचाची मूठ घराकडे वळलेली होती.

मी मूठ नेहमी पाण्याकडे ठेवतो. घराकडे कोण ठेवतं, ते आपल्या दोघांनाच माहीत आहे.

म्हणजे मी नळ्या गुंडाळून गाडीत ठेवत असताना तू मागून माझी बुचं पुन्हा बसवत फिरत होतास. किती तलावांवर, ते विचारत नाही. मला एका शब्दाने बोलला नाहीस, आणि ज्या दिवशी बोललास त्या दिवशी मी तुला रस्त्यावर सोडलं. ओब्यूशोंपासून पुढचे सगळे तलाव मी एकट्याने निजवलेत, रेजां. त्यांच्यावर अजून हातभर बर्फ आहे, आणि खाली काय आहे ते मला सांगता येत नाही.

बर्फ उतरला की लोकांनी पंप सुरू करायच्या आत प्रत्येक पाइप हवा भरून तपासायला हवा. ज्यांचे फुटलेत त्यांना आपणच आधी सांगायचं. त्यासाठी एप्रिलमध्ये तू हवास. आणि ऑक्टोबरातही. बूच तू लाव, मी हवेची नळी धरतो. मूठ कुठे वळवायची ते तुझं तू ठरव.

ग्रीस नाही. जोसलीन खरं बोलते. माझ्या शर्टाची बटणंही तीच लावते. पेन हातात घेतलं की बोटांत आहे की पडलं, ते बघून ठरवावं लागतं.

खालची सही मात्र माझी आहे. ती बघ, आणि मग काय ते ठरव.

तुझा भाऊ,
इव्हों