उजवीकडचं रान गप्प झालं

२ सप्टेंबर, पहाटे
आजपासून शिस्त. रोज उजाडायच्या आत रानात जायचं, कोणतं पाखरू कधी तोंड उघडतं ते टिपायचं. शाळेत आयुष्यभर संगीत शिकवलं. असा कान गावात दुसरा नाही. बायको, ओतिलिया, म्हणाली, आधी चुलीला लाकडं आणा. कलेला घरात किंमत नाही.

११ सप्टेंबर
पाऊस. चुकाव डावीकडून बोलला. आमच्याकडे म्हणतात, हा पक्षी उजवीकडून बोलला तर काम फत्ते, डावीकडून बोलला तर घरी परत फिरावं. मी शिकलेला माणूस, असलं मानत नाही. परत फिरलो, पण पावसामुळे.

२० सप्टेंबर
सणाचं जेवण अंगावर आलं. आजची पहाट बुडाली.

२४ सप्टेंबर
पुन्हा डावीकडे. मुद्दाम पाठ फिरवून उभा राहिलो. तरी डावीकडेच. पक्षी माझ्याबरोबर फिरतो की काय? उजवीकडे, ज्वालामुखीच्या बाजूला, चिटपाखरूही बोलत नाही.
ओतिलिया हल्ली पुटपुटते. काय म्हणालीस विचारलं की ओरडते. मधलं काही नाहीच.

३० सप्टेंबर
जाताना ज्वालामुखी उजवीकडे, उजवीकडे सामसूम. डोंगर पेटायच्या आधी पाखरं गप्प होतात, हे म्हातारे सांगतच आलेत. शेजारच्या निबाल्दोला गाठलं. तो म्हणाला, "मास्तर, मला तर रोज ऐकू येतात." त्याला समजावलं, बाबा, ती कानाची सवय, तयार कानालाच खरं कळतं. त्याचा चेहरा उतरला. त्याची आई, एदेलमिराबाई, अंथरुणाला खिळलेली. मागच्या वेळी राख पडली तेव्हा तिला दरवाज्याच्या फळीवर घालून न्यावं लागलं होतं.

३ ऑक्टोबर
माझा शब्द मानून निबाल्दोनं आईला होडीतून तळ्याच्या पलीकडच्या काठावर नेलं. मुसळधार पाऊस. म्हातारी घोंगड्यांत, वर प्लास्टिक. निघताना मला काहीतरी म्हणाली. बहुधा आशीर्वाद. ओतिलिया म्हणते, आशीर्वाद नव्हता.

९ ऑक्टोबर
डोंगर शांत. हेच संशयास्पद आहे. ओतिलियाचा हट्ट, कान दाखवून या. आत्ता वेळ नाही.

१४ ऑक्टोबर
निबाल्दो एकटाच परतला. आई तिकडच्या इस्पितळात, खोकल्यानं श्वास लागलाय. पहाटे आला, दंड धरून मला रानात घेऊन गेला. उजव्या हाताला पडलेल्या खोडावर चुकाव. छाती फुगत होती. चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती. मला फक्त डावीकडून पानांवरचं पाणी ठिबकताना ऐकू आलं. निबाल्दो काहीतरी म्हणाला असावा. मी म्हटलं, "कुठे काय?" त्यानं माझा दंड सोडला.

१७ ऑक्टोबर
एदेलमिराबाई गेल्या. चर्चमध्ये मागच्या बाकावर, उजवी बाजू भिंतीला लावून बसलो. वय झालं होतं, असंच लोक म्हणत असावेत. तोंडं तशीच हलत होती. निबाल्दोनं माझ्याकडे पाहिलं नाही.
पहाटेचं काम बंद. उद्यापासून दुपारचं निरीक्षण. दुपारी पाखरं गप्पच असतात. तिथे चूक व्हायची नाही.