पोट आत घेऊन दिलेलं माप

१४ जानेवारी

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

पेनाला चिंधी गुंडाळून लिहितेय, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी चुका काढत बसू नये.

या स्क्लेरोडर्मानं माझी कातडी आवळत चाललीय, हे तुला ठाऊकच आहे. नव्या औषधाच्या चाचणीत मला घेतलंय, त्याला तीन महिने झाले. तू काळजी करशील म्हणून कळवलं नव्हतं. डॉक्टरीणबाई सतरा ठिकाणी चिमटे काढतात आणि कातडी किती उचलली जाते ते बघून शून्य ते तीन असा आकडा देतात. नर्स लिहून घेते. जन्मभर मी बायकांची मापं घेतली, आता माझी घेतात! सुईतून औषध जातं की नुसतं पाणी, ते त्यांनाही माहीत नाही आणि मलाही. सगळी आंधळी कोशिंबीर. तरी आशा वाटते गं. पुन्हा सुईत दोरा ओवता येईल, असं रोज सकाळी वाटतं.

दर आठवड्याला एक कागद भरायचा असतो. बटणं लावता येतात का, चालताना दम लागतो का. मी सगळीकडे दहापैकी शून्यावर, म्हणजे ‘त्रास नाही’वर खूण करून मोकळी होते. उगाच रडगाणं कशाला? शिवणयंत्र खालच्या खोलीत आणलंय, वर उजेड कमी पडतो. बाकी मजेत.

मुलांना पापा. लोभ आहेच, तो पुरवून वापर!

तुझी ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

चूक काढतेच, पोटापाण्याचा धंदा आहे माझा. वरच्या खोलीला दोन मोठ्या खिडक्या आहेत आणि खाली भर दुपारी दिवा लावावा लागतो. यंत्र उजेडासाठी खाली आलेलं नाही. तुला जिना चढवत नाही.

ताई, पोट आत घेऊन माप देणाऱ्या गिऱ्हाइकांवर तू किती डाफरायचीस! कपडा तुम्ही घालणार की तुमची हौस, असं तोंडावर विचारायचीस. मग त्या कागदावर तू दुसरं काय करतेयस? तुझ्या मागून येणाऱ्या बायकांचं औषध त्यावरून बेतलं जाणार आहे. मला तुझा राग आलाय आणि रडूही येतंय. खरं काय ते सांग त्यांना. मग मोठी बहीण म्हणून हवं तेवढं रागाव.

लोभात कमी करू नये.

तुझी चिमी

२१ फेब्रुवारी

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

पकडलंस. सांगून टाकलं सगळं. दम लागतो म्हटलं तर माझी सुई बंद करतील, या भीतीनं गप्प होते. तसंच झालं. तपासणीत निघालं की फुप्फुसंही आवळत चाललीत. सुई बंद करून दुसरं औषध सुरू केलंय. गेलेला श्वास त्यानं परत येत नाही. आहे तेवढा टिकतो, तोही टिकला तर.

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, आधी कळतं तर तीन महिने हाती लागले असते. चाचणीचं औषध नसलं तरी मापं द्यायला मी येत राहीन, असं त्यांना सांगितलंय. आता दमाच्या प्रश्नाला दहापैकी आठवर खूण करते, कधी नऊवर.

तुलाही खरंच लिहिते. परवा कात्री आणायला वर निघाले आणि तिसऱ्या पायरीवरच बसले. शेजारणीला हाक मारायलाही श्वास पुरला नाही. तुझं काम, तुझी मुलं, म्हणून मी आजवर तुला कधी ये म्हटलं नाही. आज म्हणते. चिमे, मला मरायची फार भीती वाटते. लोभ आहे म्हणून मागते, ये. येताना परतीचं तिकीट काढू नकोस.

तुझी ताई